शेंदरी आईची पाटी

रुक्मिणी तोंडाने फटकळ. हे तिला स्वतःलाही मान्य होतं. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला टॉवरांची रांग संपता संपता मध्येच कौलारू घरांचा एक पुंजका दिसतो, ते तिवरगाव. गाव आपलं म्हणायचं. शेतं गेली, तळं बुजलं, चारी बाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि मधे हे गावठाण उरलं. त्या गावठाणात रुक्मिणीला न वचकणारा माणूस औषधालाही सापडायचा नाही. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा लावणारा असो, नाहीतर कचऱ्याची पिशवी गटारात भिरकावणारा असो, तिने ओट्यावरून नुसतं "काय रे?" विचारलं की तो सुतासारखा सरळ व्हायचा.

पण तीच बाई सकाळी उंबराखाली शेंदरी आईसमोर उभी राहिली की तिचा आवाज ओळखू यायचा नाही. "उठलीस का गं? डासांनी झोपू दिलं का रात्री?" असं काहीबाही बोलत राहायची. म्हणायची आई, आणि बोलायची माहेरपणाला आलेल्या लेकीशी बोलावं तसं. गावाला त्याची सवय झाली होती.

शेंदरी आई म्हणजे कमरेएवढा उभा दगड. दगड हेही अंदाजानेच, कारण तो कुणी पाहिलाच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने त्याचा नुसता एक गुबगुबीत केशरी आकार झाला होता. त्याला चांदीचे दोन डोळे आणि एक नथ. गावदेवीचं देऊळ वेगळं. तिथे कमिटी, लाऊडस्पीकर आणि पुरुषांचा सगळा कारभार. शेंदरी आई मात्र बायकांची. तिला देऊळ नाही, पुजारी नाही, जत्रा नाही. बाळंतीण सव्वा महिन्याने घराबाहेर पडली की पहिली इथे यायची, पोर दगडाच्या पायाशी ठेवायची. सेवेकरीण पोराच्या कपाळाला शेंदराचं बोट लावून म्हणायची, "आई, सांभाळ." झाला विधी. अमावास्येला तेलात शेंदूर कालवून अंगभर लेप द्यायचा, ही सेवा रुक्मिणीच्या सासूकडे, शांताबाईकडे होती.

रुक्मिणी मूळची लालबागची. बाप गिरणीत, गाव देवगडकडे. लग्न होऊन तिवरगावात आली तेव्हा तिला हे सगळं खुळचटपणाचं वाटलं होतं. मग पहिलं मूल रडलंच नाही. दुसरं रांगायला लागलं आणि तापाने गेलं. तिने अन्नपाणी सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नवरा मार्तंड बिचारा भला माणूस, पण त्याला बोलायला सुचेना. शेवटी एका अमावास्येला शांताबाईने तिला हाताला धरून उठवलं, उंबराखाली नेलं आणि शेंदराची वाटी पुढे केली. "आजपासून तू लाव. तुझ्या हाताची तिला सवय होऊ दे." त्या दिवशी दगडाला लेप देता देता रुक्मिणी पहिल्यांदा मोकळी रडली. पुढे सुयोग झाला आणि जगला. तो आईने दिला की आपोआप झाला, या वादात ती कधी पडली नाही. तिच्या लेखी ते सिद्ध झालेलं होतं.

सुयोग आता एसी दुरुस्तीची कामं करतो. त्याची बायको श्रुतिका, पोरगी गुणी. तिची आई ती शाळेत असतानाच वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. श्रुतिकाला सातवा लागला, तेव्हाच गावात पाट्यांचं वारं शिरलं.

गावठाण मंडळाचा सेक्रेटरी अनिरुद्ध, बँकेतून रिटायर झालेला, आणि रिकामं बसवत नाही अशा जातीचा माणूस. गावाचा वारसा लोकांना कळला पाहिजे, असं त्याने मनावर घेतलं आणि ठिकठिकाणी माहितीचे फलक लावायला सुरुवात केली. निळी पाटी, पांढरी अक्षरं. विहिरीला एक लागली, नाक्यावरच्या दगडी क्रुसाला एक, मिठागराच्या पडक्या चौकीला एक. टॉवरमधली माणसं सकाळी चालायला येऊन पाट्या वाचायला लागली, फोटो काढायला लागली. गावाची कॉलर एकदम ताठ झाली.

रुक्मिणी तडक अनिरुद्धच्या दारात गेली. "विहिरीला पाटी लावलीस, तिच्यात आता कासवसुद्धा उरलं नाही. चौकीला लावलीस, तिथे पोरं पत्ते कुटतात. आमच्या आईने तुझं काय घोडं मारलंय रे?"

"काकू, लावली असती. पण लिहू काय?" अनिरुद्ध म्हणाला. "ती कधीची, कुणी बसवली, काहीच माहीत नाही ना."

"मग माहीत करून घे. माझ्या नातवंडाला घेऊन मी जाईन तेव्हा तिथे पाटी हवी. एवढी वर्षं गावाची पोरं सांभाळली तिने, तिला मान नको?"

बस्स, या एका हट्टातून पुढचं सगळं उपटलं, आणि हट्ट दुसऱ्या कुणाचा नव्हता, तिचाच होता.

अनिरुद्धने सपनाला आणलं. सपना घाटकोपरची, कॉलेजात इतिहास शिकवणारी, जुन्या शिळा वाचण्यात मुरलेली. तिने दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, उकिडवी बसून खालून बघितलं, पण हात जोडले नाहीत. मग स्वतःच म्हणाली, "काकू, आम्ही बौद्ध. देवाधर्माचं माझं काही नसतं. पण दगडांवर माझा जीव आहे."

रुक्मिणीला हा रोखठोकपणा आवडला. "बरं झालं. हात जोडणाऱ्या ढीगभर आहेत. नीट बघणारं कुणीतरी हवंच होतं."

पण नीट बघायचं तर शेंदूर उतरवावा लागणार होता. हे ऐकल्यावर शेजारची मालन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मालन आणि रुक्मिणी यांचं चाळीस वर्षांचं भांडण आणि तेवढीच मैत्री. "म्हणजे आईचं लुगडं फेडायचं, असंच ना गो?" मालन म्हणाली. "मला नाय पटत."

रुक्मिणीलाही धाकधूक होतीच. तिने कौल लावायचं ठरवलं. तिच्या माहेरच्या गावी देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. तिने दोन ओल्या पाकळ्या आईच्या दोन बाजूंना चिकटवल्या, मनातला प्रश्न विचारला आणि हात जोडून उभी राहिली. उजवी पाकळी आधी सुटली. आईची परवानगी मिळाली. मालनने तोंड वाकडं केलं, पण कौलापुढे तीही काय बोलणार.

काम चार-पाच दिवस चाललं. सपनाने छिन्नी-हातोडा आणला नव्हता. लाकडी पट्ट्या, मऊ ब्रश आणि हेअर ड्रायर आणला होता. शेंदूर जरा गरम करायचा आणि पापुद्र्यापापुद्र्याने सोडवायचा. रुक्मिणी शेजारी परात घेऊन बसली. निघालेला एकेक तुकडा ती परातीत झेलत होती, तो खाडीत सोडायचा होता. डोळे आणि नथ तिने आधीच रुमालात बांधून कमरेला खोचली होती.

वरून सुरुवात झाली. पहिल्यांदा चंद्रकोर दिसली, मग शेजारी सूर्य. बायका जमल्या, कुणी साखर वाटली. श्रुतिका पोट सांभाळत खुर्ची टाकून बसली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या भागात अक्षरं उमटली, झिजलेली, पण अक्षरंच. अनिरुद्धला तर आभाळ ठेंगणं झालं. रुक्मिणी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "लिहिलेली आहे आमची आई. साधीसुधी नाही."

मग खालचा भाग उघडा व्हायला लागला, तशी सपना मागे वळून जमलेल्या बायकांकडे बघायला लागली. तिने मध्येच हात थांबवला आणि म्हणाली, "काकू, बाकीचं उद्या करू या का? फक्त आपण दोघीच." पण तोवर मोठा पापुद्रा आपल्या आपणच सुटला आणि परातीत पडला.

खाली एक बाई कोरलेली होती. आणि एक गाढव होतं. त्या बाईची गाढवाकडून विटंबना चाललेली होती, आणि ती कुणालाही, लहान पोरालाही कळेल इतकी स्पष्ट कोरलेली होती. जिथे आजवर गावाने पोरं ठेवली, अगदी तिथे.

मागून एक टारगट हसला, कुणाचा तरी मोबाइल वर झाला. सुयोगने तो हिसकावून घेतला आणि त्याला गल्लीबाहेर काढला. अनिरुद्ध चष्मा पुसत बसला. सपनाने ओढणी काढून दगडाच्या खालच्या भागावर टाकली आणि मग हळू आवाजात सांगितलं. याला गधेगाळ म्हणतात. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा, शिलाहार राजांच्या काळातला. राजाने कुणाला तरी जमीन दान दिली, ते वर लिहिलंय. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान राहील. आणि जो कुणी ते मोडेल, त्याच्या आईची अशी गत होईल, हा खाली शाप. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळावा म्हणून चित्रात.

"म्हणजे ही देवी नव्हे?" मालनने विचारलं.

"नाही, मावशी."

"म्हणजे आमच्या पोरांना आम्ही..." मालनने पदर तोंडाला लावला आणि घराकडे चालायला लागली. एकेक करत सगळ्या गेल्या.

रुक्मिणी परात उचलून घरी आली. त्या संध्याकाळी चूल पेटवायलाही उठली नाही. शरमेने तिचा जीव अर्धा झाला होता. विचार करकरून डोकं भणभणलं. पाटी हवी म्हणून हट्ट कुणी केला, मी. कौल कुणी लावला, मी. आणि आईने, नव्हे, त्या दगडाने, होकार का दिला? अशी उघडी पडायला कुणी होकार देतं का? सुयोगच्या कपाळाला जे बोट लावलं होतं ते कशाचं होतं? जी दोन गेली त्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबराखाली गेली नाही. सेवा हाती आल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. कुणी म्हणे खाडीत बुडवा, कुणी म्हणे म्युझियमला द्या. खाडीत बुडवा म्हणणाऱ्यांत मालन सगळ्यात पुढे. अनिरुद्ध मात्र अडून बसला. एवढा जुना लेख गावाबाहेर जाऊ द्यायचा नाही, पाटी लागणार आणि दगड इथेच राहणार. सपनाने पाटीचा मजकूर लिहून दिला. ती अधूनमधून फोन करायची. रुक्मिणी "हं" म्हणून ठेवून द्यायची.

अशात श्रुतिकाला कळा लागल्या. मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची, धडधाकट. रुक्मिणीने शेकशेगडी केली, डिंकाचे लाडू केले, नात मांडीवर घेऊन बसली, पण तिचं तोंड उतरलेलं ते उतरलेलंच. सव्वा महिना भरत आला तसं श्रुतिकाने एकदा दुधाची वाटी बाजूला ठेवून विचारलं, "आई, हिला कधी न्यायचं?"

"कुठे?"

"उंबराखाली."

"बघितलंस ना तू सगळं? तिथे ठेवू माझी नात?"

श्रुतिका म्हणाली, "मला आई नाही ना. इथे आल्यापासून मी रोज तिलाच सगळं सांगत होते. आता ती पण नाही म्हणता." आणि तोंड फिरवून बाळाला पाजायला लागली. पाटीचं उद्‌घाटन रविवारी होतं आणि त्याच रविवारी सव्वा महिना भरत होता. नातीला न्यायचं की नाही, आणि नाही न्यायचं तर एवढ्या वर्षांच्या सेवेचं करायचं काय, हे रुक्मिणीला उलगडत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी टेम्पोवाला आणि रिक्षावाला जुंपले. टेम्पोचा आरसा रिक्षाला घासला होता. एरवी रुक्मिणीने दोघांनाही पिटाळलं असतं. त्या दिवशी ती ओट्यावर तांदूळ निवडत नुसती ऐकत राहिली. चूक याची होती नाहीतर त्याची. पण याने त्याची आई काढली, त्याने याची काढली, आणि दोघांच्या आया बिचाऱ्या कुठे आपापल्या घरी बसलेल्या, त्यांना पत्ताही नाही. रुक्मिणीचा हात सुपातच थांबला.

तिला एकदम शांताबाई आठवली. मार्तंडने एकदा कुंपण हलवून चुलतभावाच्या जागेत सरकवलं होतं. चूक मार्तंडची, ढळढळीत. चुलतभाऊ दारात येऊन ओरडला तेव्हा मार्तंड मागच्या दाराने पसार झाला. शिव्या सगळ्या शांताबाईला बसल्या, ऐकवणार नाहीत अशा. शांताबाई आत वाल सोलत होती, तिने मान वर केली नाही. वाल संपले, तशी उठली, शेंदूर कालवला आणि उंबराखाली गेली. त्या दिवशी अमावास्या नव्हती. "अहो, आज कशाला?" असं रुक्मिणीने विचारलं, तर म्हणाली, "तिला लागतो मधेमधे."

शांताबाईला काही ठाऊक होतं का? तिच्या सासूने तिला काही सांगितलं होतं का? देव जाणे. विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

रुक्मिणीने सपनाला फोन लावला. "सपना, त्या बाईचं नाव लिहिलंय का गं कुठे?"

"नाही, काकू. ती कुणी एक बाई नाही. मोडणाऱ्याची आई, एवढंच. कुणाचीही."

"म्हणजे जमीन राजाची, मोडणार दुसरा, आणि हिने काही केलेलं नाही."

"काहीच नाही."

"आणि नऊशे वर्षं ही अशी चव्हाट्यावर."

सपना म्हणाली, "मी असे पुष्कळ दगड पाहिलेत, काकू. कुंपणाला लावलेले, पायरीला लावलेले. बहुतेक उघडेच."

"बरं. रविवारी लवकर ये." रुक्मिणीने फोन ठेवला आणि कपाट उघडलं. लग्नातलं हिरवं लुगडं तिने कधीचं जपून ठेवलं होतं, आपल्याला शेवटी नेसवतील म्हणून. ते काढलं, ओट्यावर बसून मधोमध फाडलं आणि फाटलेल्या कडांना टाके घातले. श्रुतिकाला म्हणाली, "रविवारी पोरीला न्हाऊमाखू घालून तयार ठेव."

रविवारी उंबराखाली गर्दी झाली. टॉवरमधली माणसं आली होती, गावातली थोडी लांबच उभी होती. अनिरुद्धने पाटीवरचा कपडा ओढला आणि मोठ्याने वाचलं: गधेगाळ, शिलाहारकाळ, भूमिदानाचा लेख, दान मोडणाऱ्यास दिलेला शाप खालच्या भागात कोरलेला आहे, गावातील स्त्रिया या शिळेस शेंदरी आई म्हणून पूजत आल्या आहेत. टाळ्या पडल्या. लोक दगडाकडे सरकले, वाकून बघायला लागले, मोबाइल पुढे आले.

"जरा सरका," रुक्मिणी म्हणाली. तिचा तो आवाज ऐकून वाट आपोआप झाली. तिने सूर्य-चंद्र मोकळे ठेवले, अक्षरं मोकळी ठेवली. त्यांच्याखाली लुगड्याचा काठ दगडाला लावला आणि एक वेढा घेतला.

अनिरुद्ध गडबडला. "काकू, अहो, लोक मुद्दाम बघायला आलेत. झाकलं तर त्यांना कळणार कसं?"

"पाटीवर लिहिलंय ना सगळं?"

"लिहिलंय, पण..."

"मग वाचा की. बघायचं कशाला?"

अनिरुद्ध दोन पावलं मागे सरला. हातातले मोबाइल एकेक करून खिशात गेले. रुक्मिणीने दुसरं टोक धरायला कुणी आहे का म्हणून पाहिलं, तर सपना आधीच उकिडवी बसून निऱ्या घालत होती. "दगडाला परत शेंदूर लावू नका, अक्षरं बुजतील, तेवढं ऐका माझं," ती पुटपुटली. "लुगड्याला माझी ना नाही." रुक्मिणीने कमरेचा रुमाल सोडला, नथ काढली आणि सुयोगकडून घेतलेल्या तारेने वरच्या कडेला अडकवली. गर्दीतून मालन पुढे आली. तिचे डोळे लाल झाले होते. तिने स्वतःच्या खांद्यावरची पिन काढली आणि निऱ्यांना लावली. "वाऱ्याने सुटेल नाहीतर," ती म्हणाली. "आणि दिवाळीला माझ्याकडची जांभळी नेसव गो हिला. हिरवं काय रोज रोज."

श्रुतिका बाळ घेऊन आली. रुक्मिणीने नातीला दोन्ही हातांनी घेतलं आणि लुगड्याच्या निऱ्यांपाशी ठेवलं. पोरीने डोळे किलकिले केले आणि मूठ उघडून काठ धरला. वाटीतल्या शेंदरात बोट बुडवून रुक्मिणीने तिच्या कपाळाला लावलं. आता नेहमीचे शब्द म्हणायचे होते. बायका वाट बघत होत्या.

रुक्मिणीने दगडाकडे पाहिलं, मग नातीकडे. "बाळा," ती म्हणाली, "आजवर हिला आम्ही सांभाळलं. पुढे तू सांभाळ."

मग तिने वाटी श्रुतिकाच्या हातात दिली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.